लिथियम कार्बोनेट: किडनी ज्याला मीठ समजते असे औषध

प्रश्न तीन आहेत. लिथियम कार्बोनेट हा पदार्थ नेमका काय, तो मानसिक आजारांच्या उपचारात कसा आला, आणि ही गोळी घेणाऱ्याला सारखे रक्त का तपासायला लावतात. तिन्हींची उत्तरे एकाच धाग्याला बांधलेली आहेत. लिथियम हा आवर्तसारणीत सोडियमच्या वरच्या घरात बसणारा धातू. शरीरात शिरलेला लिथियम आयन किडनीला सोडियमपासून नीट वेगळा ओळखता येत नाही. औषधाचा गुण मेंदूत दिसतो खरा, पण त्याचा जमाखर्च किडनी ठेवते, आणि तोही मिठाच्या वहीत.

आधी पदार्थाविषयी. पांढरी, गंध नसलेली, हलकी भुकटी. रेणुभार ७३.८९, घनता २.११, वितळणबिंदू ७२३ अंश सेल्सियस. प्रत्येक रेणूत दोन लिथियम आणि एक कार्बोनेट. वजनाने पाहिले तर लिथियम फक्त १८.८ टक्के. पाण्यातले द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते, आणि आम्ल टाकले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो. ज्योतीत धरले तर किरमिजी लाल रंग दिसतो. हा रंग ६७०.८ नॅनोमीटरच्या रेषेचा, आणि रक्तातले लिथियम मोजण्याची जुनी फ्लेम फोटोमीटरची पद्धत याच रेषेवर उभी होती.

याची खरी खोड विद्राव्यतेत आहे. सोडियम कार्बोनेट २० अंशाच्या १०० मिलिलिटर पाण्यात वीसेक ग्रॅम सहज विरघळते. लिथियम कार्बोनेट जेमतेम १.३ ग्रॅम. शिवाय पाणी तापवले की विद्राव्यता वाढायच्या ऐवजी घटते: शून्य अंशाला साधारण १.५ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ०.७ ग्रॅम. म्हणून लिथियमच्या द्रावणात सोडियम कार्बोनेट घालून हा क्षार खाली बसवायचा असेल तर द्रावण ९० अंशांच्या वर ठेवतात, गाळतात गरम असतानाच, आणि गाळणीवरचा साका धुतात तोही गरम पाण्याने. साका थंड पाण्याने धुतला की सोडियम निघून जाते, पण त्याच्याबरोबर मालही जातो आणि शेवटी वजन का भरत नाही ते कळत नाही. शुद्ध करण्याची युक्तीही याच खोडीवर चालते. भुकटी पाण्यात कालवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की जास्त विद्राव्य असे लिथियम बायकार्बोनेट तयार होते. न विरघळलेली घाण गाळून काढायची आणि द्रावण तापवायचे: वायू उडून जातो, शुद्ध कार्बोनेट खाली बसते.

औषधासाठी हाच क्षार का निवडला? लिथियम क्लोराइड हवेतली ओल इतकी ओढते की त्याची गोळी टिकत नाही. कार्बोनेट कोरडे राहते, दाबून गोळी नीट बनते, आणि थोड्या वजनात बरेच लिथियम मावते. जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच त्याचे क्लोराइड होते आणि तिथून पुढे काम फक्त लिथियम आयनचे. मूळचा भागीदार कार्बोनेट होता की सायट्रेट, हे मेंदूला कळतही नाही.

पण तुम्हाला ते कळायला हवे. ३०० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये ८.१ मिलिमोल (वजनाऐवजी कणांच्या संख्येवरून मोजायचे एकक), म्हणजे ५६ मिलिग्रॅम लिथियम असते. तेवढेच लिथियम सायट्रेटच्या टेट्राहायड्रेट रूपातून द्यायचे तर सुमारे ७६० मिलिग्रॅम लागते. गिळायला त्रास होतो म्हणून गोळीऐवजी सिरप देताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावले, तर डोस निम्म्याहूनही खाली जातो आणि आजार उलटतो. सिरपवरून गोळीवर येताना हीच चूक केली तर विषबाधा. रूपांतर नेहमी मिलिमोलमध्ये करायचे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम ओरोटेटच्या डबीवर ‘५ मिलिग्रॅम’ लिहिलेले असते तो आकडा बहुधा निव्वळ लिथियमचा असतो, क्षाराचा नाही. ते उपचाराच्या मात्रेच्या जवळपासही येत नाही, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळीबरोबर परस्पर घेतले तर हिशेबात मात्र धरावे लागते.

आता इतिहास. १८१७ साली स्टॉकहोममध्ये रसायनज्ञ बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान आउगुस्ट आर्फवेडसन हा तरुण उटो बेटावरच्या पेटालाइट खनिजाचे पृथक्करण करत होता. घटकांची बेरीज जुळेना. राहिलेला भाग सोडियमसारखा वागत होता, पण त्याचे कार्बोनेट पाण्यात नीट विरघळत नव्हते. वर सांगितलेली खोड ती हीच. मूलद्रव्य दगडात सापडले म्हणून ग्रीक ‘लिथोस’वरून नाव पडले. शुद्ध धातू वेगळा करायला विजेची मदत लागली: ब्रँडने १८२१ मध्ये थोडासा काढला, बुन्सेन आणि मॅथिसन यांनी १८५५ मध्ये हाताळण्याजोगा.

वैद्यकात लिथियम आले ते संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर; यात युरिक आम्लाचे खडे सांध्यांत साचतात. लिथियमचे युरेट हे युरेट (युरिक आम्लाच्या) क्षारांमध्ये सर्वांत विद्राव्य. परीक्षानळीत युरिक आम्लाचे खडे लिथियमच्या द्रावणात विरघळतात, हे पाहून लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याची शिफारस केली. गफलत एवढीच की सांध्यातले खडे विरघळायला लागेल इतके लिथियम रक्तात चढवले तर खडे जाण्याआधी रोगी जाईल. तरीही ‘लिथिया वॉटर’च्या बाटल्या पुढे कित्येक दशके खपल्या; आज सेव्हन-अप म्हणून ओळखले जाणारे पेयसुद्धा १९२९ मध्ये लिथियम सायट्रेट घालूनच बाजारात आले होते. मनोविकारांवरही एकोणिसाव्या शतकात प्रयत्न झाले: न्यू यॉर्कमध्ये विल्यम हॅमंडने १८७१ च्या सुमारास उन्मादावर, म्हणजे मनाच्या अति चढलेल्या अवस्थेवर, लिथियम ब्रोमाइड दिले, डेन्मार्कमध्ये कार्ल लांगेने नैराश्यावर लिथियम वापरले. पुढे दोन्ही विस्मरणात गेले.

१९४९ हे वर्ष मात्र विलक्षण. अमेरिकेत हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य असायचे, म्हणून त्यांना पर्याय म्हणून लिथियम क्लोराइडची कुपी दिली जात होती, आणि लोक ते जेवणावर हवे तेवढे भुरभुरवत होते. सोडियम बंद, लिथियम बेहिशेबी: विषबाधा झाल्या, मृत्यू झाले, आणि त्या वर्षी ते बाजारातून काढले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात जॉन केडचा लेख आला. मेलबर्नजवळच्या बुंदूरा इथल्या रुग्णालयात काम करणाऱ्या केडला वाटत होते की उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असावे. युरिक आम्ल तपासायचे तर विद्राव्य क्षार हवा, म्हणून त्याने लिथियम युरेट घेतले. आणि नुसते लिथियम कार्बोनेट टोचल्यावर गिनिपिग तासा-दोन तासांत शांत, सुस्त पडले. ती सुस्ती बहुधा विषबाधेचीच सुरुवात होती. मूळ कल्पनाही चुकीची होती. पण आधी स्वतः घेऊन पाहिल्यावर त्याने ते उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले आणि फरक नजरेत भरण्याजोगा पडला. पहिला रुग्ण कित्येक वर्षांनी घरी परतला, पुढे औषध सुटून पुन्हा आजारी पडला, आणि १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने गेला. रक्तातली पातळी पाहून मात्रा ठरवायची शिस्त तेव्हा बसलेलीच नव्हती. औषधाची सगळी कथा त्या एका माणसात आहे म्हणा ना.

पुढचे काम डेन्मार्कमध्ये झाले. मोगेन्स स्काउ यांनी १९५४ मध्ये प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करून उन्मादावरचा गुण दाखवला. मग बोस्ट्रुप आणि स्काउ यांनी दावा केला की ही गोळी पुढचे झटकेसुद्धा रोखते, तेव्हा लंडनहून ‘ही दंतकथा आहे’ अशी जाहीर टीका झाली. त्याला उत्तर म्हणून १९७० चा प्रयोग: लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींची गोळी गुपचूप प्लासिबोने बदलली. पाच महिन्यांत प्लासिबोवरच्या ३९ पैकी २१ जणांना आजार उलटला, लिथियमवरच्या ४५ पैकी एकालाही नाही. अमेरिकेत उन्मादासाठी मान्यता १९७० मध्ये आणि प्रतिबंधक उपचारासाठी १९७४ मध्ये मिळाली.

आज त्याचे उपयोग असे: बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे फेरे येणाऱ्या आजारात, उन्मादाचा झटका उतरवणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढचे झटके रोखणे, नुसत्या नैराश्यनाशकाने न हटणाऱ्या नैराश्यात जोडीला देणे. मनोविकारांत आत्महत्येचा धोका कमी करणारे म्हणून ज्या थोड्या औषधांचे नाव घेतले जाते त्यांत हे वरच्या ओळीत आहे. तीव्र उन्मादात गुण यायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून सुरुवातीला सोबत दुसरे औषध लागते. चार दिवसांत फरक नाही म्हणून लिथियम बदलणे ही घाई झाली.

ते करते काय? लिथियम आयनचा आकार मॅग्नेशियम आयनच्या अगदी जवळचा, ७६ आणि ७२ पिकोमीटर. त्यामुळे मॅग्नेशियमवर चालणाऱ्या काही एन्झाइमांच्या जागा ते अडवते. त्यांत इनॉसिटॉलचे पुनर्चक्रीकरण करणारे एन्झाइम आणि जीएसके-३ नावाचे एन्झाइम ही दोन मुख्य मानली जातात. गुण नक्की कोणत्या वाटेने येतो यावर वाद अजून मिटलेला नाही आणि रोजच्या उपचारात त्याने काही अडत नाही.

अडते ते किडनीपाशी. लिथियम यकृतात मोडत नाही, प्रथिनांना चिकटत नाही. ते किडनीतून मोकळे गाळले जाते, आणि त्यातले सुमारे ८० टक्के सोडियमच्या वाटेनेच परत शोषले जाते. शरीरात सोडियम किंवा पाणी कमी पडले की किडनी सोडियम धरून ठेवते, आणि त्या पकडीत लिथियमही अडकते. जुलाब, उलट्या, ताप, कडक उपास, घाम गाळणारे काम, एकाएकी बिनमिठाचे जेवण: यांतल्या कशानेही तीच गोळी, तोच डोस असताना रक्तातली पातळी चढते. म्हणून रुग्णाला ‘मीठ कमी करा’ किंवा ‘जास्त खा’ यापेक्षा ‘रोज जेवढे खाता तेवढेच ठेवा’ हे सांगायचे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

औषधांची भर पडते तेव्हाही हेच घडते. रक्तदाबाच्या थायझाइड गोळ्या सर्वांत खोडकर. एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्याच गोळ्यांचा परिणाम सावकाश, काही आठवड्यांत दिसतो, म्हणून पहिली तपासणी नीट आली तरी निर्धास्त होऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके चिठ्ठीशिवाय घेतली जातात आणि रुग्ण त्यांना ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. ‘इतर काही घेता का?’ असे न विचारता ‘गुडघे-पाठ दुखली तर काय घेता?’ असे विचारावे. पॅरासिटामॉल चालते. उलट दिशेने, कॉफीतले कॅफीन लिथियम बाहेर टाकते. रोज पाच कप पिणाऱ्याने एकदम कॉफी सोडली तर पातळी वर जाऊ शकते.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), वजन. हृदयाचा त्रास किंवा वय असेल तर ईसीजी. गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रीला गर्भचाचणी. प्रौढाला सुरुवात बहुधा दिवसाला ६०० ते ९०० मिलिग्रॅमने, वृद्धाला १५० ते ३०० ने. लिथियमचा अर्धायुकाल साधारण एक दिवस, म्हणून डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला पाचेक दिवस जातात. पाच ते सात दिवसांनी तपासायचे. तिसऱ्या दिवशीचा आकडा पाहून डोस वाढवला की आठवड्याने फसगत होते. पातळी डोसच्या प्रमाणात सरळ वाढते. रात्री ६०० मिलिग्रॅमवर ०.४८ मिलिमोल प्रतिलिटर आली आणि किडनी ठीक असेल तर ९०० वर ०.७२ च्या आसपास येईल. इतका सरळ हिशेब फार थोड्या औषधांत जमतो.

लक्ष्य किती? कायमच्या उपचारात ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर. तीव्र उन्मादात ०.८ ते १.०, कधी थोडे वर, वृद्धात ०.४ ते ०.६ वरही भागते. हे आकडे शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्ताचे आहेत. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिले तर आकडा दुप्पटही दिसू शकतो आणि चांगला चाललेला डोस उगाच कापला जातो. दोनदा घेण्याऐवजी सगळा डोस रात्री एकदाच घ्यायला लागल्यावर १२ तासांची पातळी १० ते २५ टक्के जास्त दिसते. औषध वाढलेले नसते, मोजण्याची जागा सरकलेली असते.

आणखी एक सापळा प्रयोगशाळेत आहे. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन असते. त्यात रक्त घेतले तर नळीतलेच लिथियम मोजले जाते आणि गोळी न घेणाऱ्याचीही पातळी विषारी निघू शकते. रुग्ण समोर ठणठणीत, हात स्थिर, आणि अहवालात ३ मिलिमोल, असे दिसले तर डायलिसिसची तयारी करण्याआधी साध्या सीरमच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावे.

पातळी स्थिर झाली की पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. किडनी, थायरॉइड, कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. कॅल्शियम पुष्कळदा विसरले जाते. लिथियममुळे पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात आणि थकवा, बद्धकोष्ठ, उदासी हे वाढलेल्या कॅल्शियमचे त्रास मूळ आजाराच्या खात्यावर मांडले जातात. थायरॉइड मंदावली तर थायरॉक्सिन द्यायचे. त्यासाठी लागू पडलेले लिथियम बंद करायची गरज सहसा नसते. पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या दिसतात. जंतुसंसर्गाची इतर चिन्हे नसतील तर प्रतिजैविके देत बसू नये.

खूप तहान आणि खूप लघवी ही सर्वांत नेहमीची तक्रार. लिथियम किडनीच्या संग्राहक नलिकेतल्या पेशींत सोडियमच्या वाटेने शिरते आणि पाणी परत ओढण्याचा संदेश तिथे पोचू देत नाही. पाणी तोडणे हा यावरचा उपाय नाही. तो विषबाधेचा सरळ रस्ता आहे. डोस शक्य तितका खाली आणणे, रात्री एकदाच देणे, आणि तरी भागले नाही तर अमिलोराइड, जे त्या पेशींचे सोडियमचे दारच बंद करते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांपैकी काहींची गाळणक्षमता हळूहळू उतरते; विषबाधेचा प्रत्येक प्रसंग त्यात भर घालतो.

बोटांची बारीक थरथर चालू उपचारातही असते. कप धरताना, सही करताना जाणवते, कॉफीने वाढते, प्रोप्रॅनोलॉलने कमी होते. हीच थरथर मोठी, झटकेदार झाली, चाल झोकांडू लागली, जीभ जड झाली, सोबत उलट्या-जुलाब आले, तर ती विषबाधा समजावी. १.५ च्या वर धोका, २ च्या वर गंभीर; पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. एकदम मूठभर गोळ्या घेतलेला माणूस ४ वरही बोलत असतो, कारण लिथियम मेंदूत पोचायला वेळ लागतो. उलट महिनोन्महिने घेणारा वृद्ध १.८ वर भ्रमात जातो, क्वचित त्याहून कमी पातळीवरही. त्याच कारणाने रक्तातली पातळी उतरल्यावरही गुंगी काही दिवस राहते. काही जणांचा तोल आणि बोलणे कायमचे बिघडते, कारण मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी मेलेल्या असतात.

उपचारात सक्रिय कोळसा देऊ नये; लिथियम त्याला चिकटत नाही. सावकाश सुटणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर आतडी धुऊन काढतात. शिरेतून सलाइन देताना सोडियम दर काही तासांनी तपासावे लागते: ज्याची किडनी पाणी राखत नाही त्याला नुसते सलाइन दिले की सोडियम धोकादायक वाढते. शुद्ध हरपली, आकडी आली, हृदयाचा ठोका जिवावर बेतण्याइतका बिघडला, तर पातळी काहीही असो, डायलिसिस. किडनी अधू असून पातळी ४ च्या वर गेली तरीही. लिथियम लहान, मोकळे आयन असल्याने डायलिसिसने छान निघते, पण नंतर पेशींतले लिथियम रक्तात परत येते. म्हणून सहा ते बारा तासांनी पुन्हा मोजायचे आणि गरज पडली तर पुन्हा डायलिसिस.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयातील दोषाचा, विशेषतः एब्स्टाइन विकृतीचा (हृदयाची उजवी झडप जागा सोडून खाली बसते), धोका थोडा वाढतो आणि डोसबरोबर वाढत जातो. पण गोळी सोडल्यावर आजार उलटण्याचा धोकाही खराच असतो, तेव्हा निर्णय आधीच, दोन्ही बाजू मांडून घ्यावा. गरोदरपणात किडनी जास्त गाळते, पातळी खाली येते, म्हणून तपासणी वारंवार. प्रसूतीनंतर ती पुन्हा चढते, तेव्हा वाढवलेला डोस लगेच पूर्ववत.

बंद करायचे असेल तर एका रात्रीत नाही. एकदम सोडल्यावर उन्माद उसळून येतो, आणि तो नुसता आजार परत येण्यापेक्षा लवकर आणि जोरात येतो. निदान चार आठवडे, जमल्यास तीन महिने घेऊन डोस पायरीपायरीने उतरवावा. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरू नये. अपवाद विषबाधेचा: तिथे गोळी त्याच क्षणी थांबते. पुन्हा सुरू करायची वेळ येते ती पातळी का चढली हे सापडल्यावरच, कमी डोसने, आणि पाच-सात दिवसांनी १२ तासांचे रक्त घेऊन.